ज्वारीत टांगलेली सीडी

जामखेडच्या बाजारपेठेत 'स्नेहल म्युझिक सेंटर' नावाचं दुकान आहे. तिथं म्युझिक सोडून सगळं मिळतं. मोबाईलची कव्हरं, काचेवर चिकटवायच्या काचा, रिचार्ज, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीवर चिकटवायची सोनेरी अक्षरं. म्युझिक फक्त पाटीवर उरलंय. ही पाटी आता बदला, असं बायको दर दिवाळीला सांगते. गोरक्ष दर दिवाळीला पाटी उतरवतो, ओल्या फडक्यानं पुसतो आणि पुन्हा होती तिथं लावतो. बायकोला वाटतं, निदान उतरवली तरी.

गोरक्षनं पन्नाशी ओलांडली आहे. डोक्याचे केस तो न चुकता रंगवतो आणि मिशी न चुकता विसरतो, त्यामुळं समोरून पाहणाऱ्याला एकाच चेहऱ्यात बाप आणि मुलगा असे दोघं दिसतात. पण त्याचाही एक काळ होता. तेव्हा तालुक्यातलं एकही लग्न त्याच्या सीड्यांशिवाय लागत नव्हतं, आणि चरे पडलेली सीडी पुन्हा गाती करावी तर गोरक्षनंच. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. त्यानंही ते मनावर घेतलं होतं. सीडी हातात आली की तो ती उजेडाकडं तिरकी धरायचा, एक्स-रे बघितल्यासारखी जीभ टाळ्याला लावून चक् करायचा आणि विचारायचा, "कवापासनं अडकतीय? आधी घरी काय लावलंय का?" लोकांनी घरी काय काय लावलेलं असायचं! खोबरेल, केळ्याची साल, देवापुढचा अंगारा. एका बहाद्दरानं तारेची घासणी लावली होती. त्याला गोरक्षनं दुकानाची पायरी चढू दिली नाही.

मग पेशंट आटले. सीड्या टेम्पोच्या पाठीमागं चमकायला गेल्या आणि उरलेल्या ज्वारीत गेल्या. कणसं दुधात आली की लोक दोरीला सीडी बांधून शेतात टांगतात. वाऱ्यावर ती गरगर फिरते, उन्हात झगझग करते, आणि पाखरं बिचकून दुसऱ्याच्या शेतात जातात. गोरक्षला हे बघवत नाही. मोटारसायकलवरून जाताना त्याला लांबूनच ओळख पटते, ही भक्तिगीतं, ती बँजोची, पलीकडची वरातीची. एकदा न राहवून तो बांधावर चढला आणि एका सीडीची दोरी सोडू लागला. तेव्हा मालकानं गोफण काढली आणि त्या दिवशी शेतातून पाखरांबरोबर गोरक्षही उडाला.

तर बाजाराच्या दिवशी, दुपारी, खैरवाडीच्या मनकर्णाबाई दुकानात आल्या. त्यांनी काउंटरवर एक पिशवी ठेवली. पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून सीडी काढली आणि म्हणाल्या,

"गोरक्षा, हिला बोलती कर."

गोरक्षनं सीडी उचलली. मधल्या भोकात सुतळीचा तुकडा अजून तसाच होता. चकचकीत बाजूवर ज्वारीच्या पात्यांनी मनसोक्त रेघोट्या ओढलेल्या. त्यानं ती पालटली. दुसऱ्या बाजूला फोटोचा स्टिकर होता आणि तो त्यानंच स्वतःच्या हातानं चिकटवलेला होता. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी जावा. मधल्या बाजूला बसलेल्या मनकर्णाबाई शाबूत होत्या. कडेच्या बाजूला बसलेल्या थोरल्या जाऊबाई, साळूबाई, खांद्यापासून वर निघून गेल्या होत्या.

"मावशी, ही तर माझी सीडी!"

"तुझी कशी? गळा आमचा, जातं आमचं."

तेही खरंच होतं. वीसेक वर्षांपूर्वी गोरक्षनं दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुडिओ काढला होता. म्हणजे मांडववाल्याकडून गाद्या आणून भिंतींना टांगल्या होत्या. या दोघी जावांच्या हळदीच्या ओव्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. पण आत बसवल्यावर दोघींच्या तोंडून शब्द फुटेना. जात्याशिवाय ओवी येत नाही म्हणाल्या. शेवटी खैरवाडीहून टेम्पोत घालून जातं आणलं, तेव्हा कुठं गळे सुटले. त्या सीडीच्या प्रती बऱ्याच निघाल्या आणि तितक्याच गेल्या. काही टेम्पोमागं, काही पोरांच्या खेळात. साळूबाईंची स्वतःची प्रत तर लेकानं भंगारात दिलेल्या प्लेअरच्या पोटात गेली. गोरक्षच्या कॉम्प्युटरमधलं मूळ रेकॉर्डिंग विजेच्या झटक्यात जळून गेलं. ही तेवढी राहिली होती.

"आन् ही तुमी ज्वारीत टांगली?"

"मी न्हाई बाबा. अजिनाथनं. माझा ल्योक त्यो! त्याला म्हनलं, पाखरं लई झाल्यात, कायतरी बांध. त्यानं कपाटात हात घातला आन् घावली ती बांधली. मला तरी कुठं ठावं? मला कळलं ते हुरड्याच्या दिवशी."

"काय झालं हुरड्याला?"

"जाऊबाईला बोलावलं हुतं. आगटीपाशी बसली, वर बघितलं, तर हिचंच तोंड कणसांवर गरागरा फिरतंय. चार मानसांत मला म्हनली, 'माझं तोंड बघून पाखरं पळत्यात व्हय गं, मने?'"

"मग?"

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "मी म्हनलं, पळत्यात तर! दोन पोती ज्वारी वाचली."

गोरक्षनं कपाळावर हात मारला.

"आता ते म्हनायला नगं हुतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पर खरंच वाचली हुती. तर ती हुरडा टाकून उठली. तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाई म्हनली. आन् परवा माझ्या अश्विनीची हळद हाय."

आता गोरक्षच्या ध्यानात आलं. अश्विनी ही अजिनाथची मुलगी, मनकर्णाबाईंची थोरली नात. त्यांच्या घरात लेकीची हळद जात्यावर ओव्या म्हणत दळायची आणि त्या ओव्या या दोघींनीच म्हणायच्या, अशी रीत होती. एकीनं अर्धी ओवी धरायची, दुसरीनं उरलेली अर्धी उचलायची. धरायचं काम साळूबाईंचं, उचलायचं मनकर्णाबाईंचं. असं चाळीस वर्षं चाललं होतं.

"मग धरायला दुसरी कुनी घ्या की."

"तिच्या ओव्या तिच्या आईकडल्या. दुसरीला कुठल्या येत्यात?"

"आवो, तुमी चाळीस वर्षं ऐकल्यात की त्या!"

"ऐकतंय कोन?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "जात्यात मूठ घालायची, आपली ओवी जुळवायची, आन् तिची सपली कवा, येवढंच ऐकायचं अस्तं."

गोरक्षला क्षणभर स्वतःचा संसार आठवला आणि त्यानं मान डोलावली.

"तिच्या पाया पडायला मी जानार न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू हिला बोलती कर. तिच्या अर्ध्या मी पाठ करते आन् दोन्ही मीच म्हनते. न्हाईतर पोरीची हळद मुकी दळायची व्हय? आमच्या घरात आजवर एकीचीबी मुकी दळली न्हाई."

झालं. गोरक्षनं बाह्या सावरल्या. मोबाईलचं कव्हर मागायला आलेल्या दोघांना 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं. सीडी साबणाच्या पाण्यानं धुतली, जुन्या बनियनच्या मऊ तुकड्यानं टिपली. मग पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन मधून कडेकडं, मधून कडेकडं अशी सरळ रेघेत घासायला लागला. मनकर्णाबाईंना हे काही पटेना.

"गोल फिरव की रं, जात्यासारकं."

"गोल फिरवायचं नसतं, मावशी. गानं गोल जातं. चरा आडवा असला तर मशीन उडी मारून पलीकडं जातं. गोल असला तर गान्याबरोबर चालत राहतं आन् सगळं खाऊन टाकतं."

"माझ्या जावंसारकं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पुसून, फुंकून, त्यानं सीडी आपल्या जुन्या प्लेअरमध्ये घातली. हा प्लेअर हँडलवाला, पेटीएवढा, आणि गोरक्षचं म्हणणं असं की हा भाकरी घातली तरी वाजवील. आधी नुसती घरघर आली. गोरक्षचा चेहरा पडला, आणि मग एकदम खुलला. ती घरघर जात्याचीच होती. तिच्यामागून साळूबाईंचा आवाज आला, वीस वर्षांनी तरणा, खणखणीत.

"हळद दळिते बाई, पिवळा झाला जात्याचा खुंटा…"

आणि तो पुरता खाली बसायच्या आत मनकर्णाबाईंचा,

"लेक निघाली नांदाया, पाटल्यांसाठी करून तंटा."

समोरच्या मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! किती किनरा हुता माझा!"

"जात्याच्या पाळीखाली पीठ पडतं झुळूझुळू…"

"जावई बसला वट्यावर, त्याला झोप येती हळूहळू."

गोरक्ष तर खूश होऊन काउंटरवर ताल धरू लागला. मनकर्णाबाई ओठांतल्या ओठांत जावेची अर्धी पुटपुटत होत्या. चारपाच ओव्या अशा निघाल्या. मग वऱ्हाडाची गाडी आली.

"गाडी आली वऱ्हाडाची, उभी राहिली वेशीपाशी… वेशीपाशी… वेशीपाशी… वेशीपाशी…"

गाडी काही वेशीच्या आत येईना. गोरक्षनं पुन्हा घासलं. पुन्हा वेशीपाशी. त्यानं कपाटाच्या तळातून पितळ चमकवायचं पॉलिश काढलं, तेही लावून बघितलं. मग नाइलाजानं, जे तो मघापासून टाळत होता ते केलं. सीडी ट्यूबलाइटपुढं धरली. साळूबाईंचा चेहरा जिथं असायला हवा होता तिथून लख्ख उजेड आरपार आला.

गोरक्षनं आजवर पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी कधी दिली नव्हती. त्याला ती देता येईना.

"मावशी, खालची बाजू नुसती काचंसारकी असती. ती घासता येती. गानं असतं वर, फोटोच्या खाली, वरखासारकं. ज्वारी निघस्तवर ही दहिवरात राहिली, स्टिकर सुटला तवा वरख घेऊन सुटला. आतल्या ओव्या राहिल्या, कडंच्या ग्येल्या. ते आता…"

"व्हायचं न्हाई?"

"न्हाई."

मनकर्णाबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "हाय त्येवढ्या म्हनते." त्यांनी पाठ झालेली जावेची अर्धी धरली, शेवटापर्यंत नेली, आणि आपली अर्धी उचलायला तोंड उघडलं तर दमच नाही. पुन्हा धरली. पुन्हा तिथंच खोकला आला. तिसऱ्यांदा त्यांनी धरलीच नाही.

"तिच्या ओवीत मी श्वास घेत हुते, गोरक्षा," त्या समोरच्या कव्हरांकडं बघत म्हणाल्या. "हे आज कळलं."

टॉवेल पिशवीत घालून त्या उठल्या. सीडी काउंटरवरच राहिली. गोरक्षनं ती पुढं केली तर म्हणाल्या, "ठिव तुझ्याकडंच. आता पाखरंबी ग्येली."

त्या गेल्यावर गोरक्षनं एक मोबाईल कव्हर विकलं, ते चुकीच्या मोबाईलचं. मग त्यानं शटर ओढलं, सीडी घातलेला प्लेअर मोटारसायकलच्या टाकीवर ठेवला आणि नगर रस्त्याला लागला. तिथं साळूबाईंच्या लेकाची, छगनची, पिठाची गिरणी आहे. जात्यावरच्या ओव्यांसाठी नावाजलेली बाई गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि दळण नीट बारीक येतंय का ते चिमटीत धरून बघते. तिच्या पुढ्यात डबे घेऊन पाचसहा बाया बसल्या होत्या.

"कोन? म्युझिकवाला?" साळूबाई म्हणाल्या. "काय, पाखरं हाकलायला आनखी एखादा फोटू पायजे व्हय माझा?"

"न्हाई मावशी. ती सीडी बिघडली. तुमच्या जागी ग्येलीय. तेवढं पुन्हा भरून घ्यायचं हाय."

"माझ्याच जागी? आन् मनीचं?"

"त्यांचं चांगलं हाय."

"असंल. तिचं कायम चांगलंच अस्तं." त्यांनी मान फिरवली. पण मग आत ओरडल्या, "छगन, गिरनी बंद कर!"

गिरणी थांबली. डबेवाल्या बाया सरकून जवळ आल्या. गोरक्षनं प्लेअर पायरीवर ठेवून लावला. साळूबाई रस्त्याकडं बघत ऐकत होत्या, जणू हे सगळं दुसऱ्या कुणासाठी चाललंय. पण उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला होता.

"हितं बघ!" त्या एकदम म्हणाल्या. "उशीर! माझी सपली, आन् ही बया अजून दानंच घालतीय. समद्या ओव्यात हेच." मग थोड्या वेळानं, "आवाज मातुर लई ग्वाड हुता." आणि बाया हसल्यावर, "माझा म्हनतीय मी!"

वऱ्हाडाची गाडी वेशीपाशी येऊन अडकली. साळूबाईंनी हात वर केला. "बंद कर ते. म्होरलं मला येतंय."

गोरक्षनं मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं. साळूबाईंनी घसा साफ केला आणि आवाज लावला. जुना खणखणाट नव्हता, पण धार होती.

"गाडी आली वऱ्हाडाची, उभी राहिली वेशीपाशी…"

आणि थांबल्या. गोल फिरणारा हातही थांबला.

"म्होरं?" गोरक्षनं विचारलं.

"म्होरलं मनीकडं."

"बरं, ते ऱ्हाऊद्या. त्याच्या पुढची धरा."

साळूबाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि तोंडातून पुन्हा तीच निघाली, "गाडी आली वऱ्हाडाची…" आणि पुन्हा वेशीपाशी येऊन थांबल्या. गोरक्ष बघतच राहिला. इथं तर काही घासूनही चालणार नव्हतं.

"अशी कशी धरू?" साळूबाई त्याच्यावरच वैतागल्या. "तिनं ही उचलल्याबिगर दुसरी तोंडात येतच न्हाई. लाव तिला फोन."

गोरक्षनं अजिनाथला लावला, स्पीकर चालू केला. अजिनाथनं आईकडं दिला. पलीकडून मनकर्णाबाईंचा 'हॅलो' आला. साळूबाईंनी हॅलो नाही म्हटलं, कशी आहेस नाही म्हटलं, सरळ ओवी धरली. ओवी संपली. पलीकडं काहीच नाही. डबेवाल्या बाया फोनवर वाकल्या. मग, अगदी लांबून आल्यासारखा आवाज आला,

"विहीण उतरली खाली, भांडत बसली म्हशीपाशी."

बायांमध्ये हशा पिकला. साळूबाईंनी लगेच पुढची धरली, आणि आता ती कुठंच अडली नाही. पण ती संपून पलीकडची येईपर्यंत मध्ये मोकळी जागा पडायची, न राहवून त्या तिसरी धरायच्या, आणि तेवढ्यात दुसरीचं उत्तर येऊन तिच्यावर आदळायचं.

"उचलतीस का झोपलीस, मने?"

"उचलली की! तुमीच मधी बोलताय, जाऊबाई."

"मी कवाच सपवली!"

"माझ्याकडं आत्ता सपली!"

"मावशी," गोरक्ष मध्ये पडला, "फोनचं असंच अस्तं. आवाज हितनं टावरला जातो, टावरवरनं खैरवाडीला. वाटंत वेळ लागतो."

"टावरला म्हनावं, ओवीत मधी येऊ नगं!" साळूबाई उठून उभ्या राहिल्या. "ह्या डबड्यावर पोरीची हळद व्हायची न्हाई. काढ गाडी."

"आई, हळद परवा हाय," आतून छगन म्हणाला.

"मग? परवा म्हनायची तर आज बसाया नगं? तिला सवय उशिराची. गिरनी चालू कर, बाया खोळंबल्यात." आणि चपला घालता घालता गोरक्षला, "ते पेटारं राहूदे हितंच. त्यात काय हाय आता?"

खैरवाडीपर्यंत साळूबाई मोटारसायकलवर पाठीमागं बसून गोरक्षला सूचना देत होत्या. खड्डा आला की हळू, टेम्पो आला की आणखी हळू, आणि मध्येच त्याच्या कानापाशी पुढच्या ओवीची सुरुवात. ज्वारी काढून झालेली होती, दोन्ही बाजूंना नुसते सड उभे होते. गोरक्षला ज्वारीच्या रानातून जाताना कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मनकर्णाबाई ओट्यावर हळकुंडं निवडत बसल्या होत्या. मोबाईल अजून मांडीवरच होता. मोटारसायकलवरून कोण उतरतंय ते बघून त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"च्या टाकू?"

"आधी जातं मांड."

अजिनाथ लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आला. साळूबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तांब्या घेऊन तो आल्या पावली आत गेला. जातं मांडलं. सरावाला हळद कशाला नासायची म्हणून मनकर्णाबाईंनी सुपात ज्वारी घेतली. दोघी समोरासमोर बसल्या. अश्विनी आतून येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

"जाऊबाई," मनकर्णाबाई सुपाकडं बघत म्हणाल्या, "ते त्या दिवशीचं, पाखरांचं…"

"खरंच दोन पोती वाचली?"

"व्हय."

"दोनच?" साळूबाईंनी खुंट्यावर हात ठेवला. "मला वाटलं, चार तरी वाचली असत्याल."

मनकर्णाबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनीही खुंटा धरला. गोरक्षनं घाईघाईनं मोबाईल काढला. हे सगळं भरून घ्यायचं, दहा ठिकाणी साठवून ठेवायचं, पुन्हा कधी ज्वारीत जाऊ द्यायचं नाही असा त्याचा बेत.

"ठिव ते खिशात," साळूबाई म्हणाल्या. "हिचा हात रिकामा पायजे, म्हंजी उशीर व्हनार न्हाई. बस हितं. मूठ घाल."

"मी?"

"मग काय टावर घालनार?"

गोरक्ष मांडी घालून बसला. जातं फिरू लागलं. साळूबाईंनी धरली, मनकर्णाबाईंनी उचलली, आणि दोहोंच्या मध्ये सुईसुद्धा गेली नसती. ऐकता ऐकता गोरक्षची ज्वारीची मूठ तशीच हवेत राहिली. साळूबाईंनी ओवी न तोडता हनुवटीनंच त्याला जात्याकडं खुणावलं, तसा तो भानावर आला आणि त्यानं मूठ सोडली.